पंचाने घेतलेली बाजू

सिंगापूरला पोचल्याच्या दुसऱ्याच दिवशी मी मुलाच्या संघाचा पराभव बोट वर करून जाहीर केला.

त्याचं असं झालं. अमेय अमेरिकेत शिकत होता, तिथून येताना बेसबॉलचं वेड घेऊन आला. आता तो सिंगापूरच्या बुओना व्हिस्टा भागात संशोधन करतो. अमेरिकेत रात्री होणारे सामने इथे सकाळी, नाश्त्याच्या वेळेला दिसतात, आणि ऑक्टोबर म्हणजे बाद फेऱ्यांचा महिना. त्या रविवारी कॉन्डोच्या (पोहण्याचा तलाव, रखवालदार आणि नियमांची लांबलचक पाटी असलेल्या इमारतीच्या) तळमजल्यावरच्या खोलीत मोठ्या टीव्हीसमोर पंधरावीस मंडळी जमली होती. अमेयच्या संघाचा शेवटचा फटका उंच उडाला, सीमेजवळ झेल गेला, आणि पुण्यातल्या मैदानांवर एकतीस वर्षं क्लब क्रिकेटची पंचगिरी केलेला माझा हात आपोआप वर गेला. झेल सुरेख होता, म्हणून टाळ्याही वाजवल्या.

"बाबा!" एवढंच म्हणून अमेयने डोकं धरलं. सुधा, म्हणजे माझी पत्नी, पदराआड हसत होती.

या मंडळींची एक रीत आहे. आपला संघ गारद झाला की घरी जाऊन उसासे टाकायचे नाहीत. उरलेल्यांतला एक संघ निवडायचा, सगळ्यांसमोर उभं राहून सांगायचा, कारण द्यायचं, आणि मग शेवटपर्यंत बदलायचा नाही. कारणं ऐकण्यासारखी होती. अमेय म्हणाला, "ज्यांनी आम्हाला हरवलं तेच जिंकू देत. निदान विजेत्यांकडून हरलो असं म्हणता येईल." यावर दुसऱ्याने, ज्यांनी आपल्याला हरवलं त्यांचं पुढच्याच फेरीत वाटोळं व्हावं, हाच खरा धर्म, असं ठणकावलं. आमची सून केतकी नेमाने सर्वांत जास्त वर्षं न जिंकलेला संघ घेते. सुधाला खेळातलं ओ की ठो कळत नाही. तिने पांढऱ्या टोप्यांचा संघ घेतला, कारण त्यांचा चेंडू अडवणारा इतका वेळ उकिडवा बसतो आणि कुरकुरत नाही.

माझी पाळी आली. "मी तटस्थ," मी म्हटलं.

"आजोबा, कॅनॉट लाह!" अकरा वर्षांची नात इरा खास सिंगापुरी इंग्रजीत ओरडली, म्हणजे हे चालायचं नाही. "नो टीम, नो टोस्ट!" आणि तिने खरंच माझ्यासमोरची बशी उचलली. काया टोस्ट (नारळ आणि अंड्याचा गोड मुरांबा लावलेला भाजका पाव) मला फार आवडला होता. पण तत्त्व म्हणजे तत्त्व. मी नुसत्या कोपीवर (आटवलेल्या दुधाच्या दाट कॉफीवर) भागवलं.

पुढचे दिवस मजेत गेले. सकाळी बागांतून फिरणं, दुपारी हॉकर सेंटरला (एका छपराखाली मांडलेल्या खाण्याच्या टपऱ्यांकडे) काहीतरी नवं चाखणं. एवढी झाडं असलेलं शहर मी पाहिलं नव्हतं, आणि एकाही झाडाखाली पानांचा ढीग नव्हता. घरात मात्र फ्रिजवर एक कागद चिकटवलेला होता. इराची शाळेच्या सॉफ्टबॉल संघात निवड झाली होती आणि सोमवारपर्यंत पालकांची सही हवी होती. पुढच्या वर्षी तिची सहावीची मोठी परीक्षा. अमेय म्हणत होता, खेळू दे. केतकी म्हणत होती, हे एक वर्ष नको.

बुधवारी जेवताना तो विषय पेटला. "बाबा, तुम्हीच सांगा," केतकी म्हणाली. मी ताटाकडे बघत, दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे, वगैरे नरो वा कुंजरो वा छापाचं बोललो. इराने माझ्याकडे एकदा पाहिलं, भात तसाच टाकला आणि आत गेली.

शनिवारी तिचा सराव बघायला आम्ही आजी-आजोबा तिच्याबरोबर शहराच्या उत्तरेला सेम्बावांगला निघालो. एमआरटीत (शहरभर धावणाऱ्या मेट्रोत) सुधाने सवयीने चकलीचा डबा उघडला. "आजी, इथे खाल्लं तर फाइन होईल!" इराने झाकण दाबून धरलं. मग वाटेतल्या यिशुन भागातल्या, अंगावर मोठाले आकडे रंगवलेल्या इमारती आणि खिडक्यांबाहेर काठ्यांवर वाळणारे कपडे बघत, डबा मांडीवर घेऊन आम्ही उपाशी बसून राहिलो.

मैदानावर अंकल टॅन भेटले. चाळीस वर्षं गोदीत वेल्डिंग केलेला हा सत्तरीचा माणूस आता मुलींना सॉफ्टबॉल शिकवतो. सरावाचा सामना अगदी रंगला होता. इराने चेंडू घेऊन धावत्या मुलीवर झेप टाकली; या खेळात हातातला चेंडू अंगाला लागला की धावणारी बाद. अंकल टॅननी मुलीला बाद दिलं. इराच्या बाजूच्या मुली नाचायला लागल्या.

"नो, अंकल," इरा धापा टाकत म्हणाली. "आय मिस. नेव्हर टच."

निर्णय फिरला आणि इराची बाजू एका धावेने हरली. अंकल टॅन माझ्याकडे वळून म्हणाले, "धिस गर्ल, कॅन लाह." म्हणजे, पोरीत दम आहे. एकतीस वर्षांत स्वतःहून असं सांगणारे खेळाडू मला दोन-तीनच भेटले होते. माझ्या नातीचा मला इतका अभिमान वाटला की डोळे पुसावे लागले.

रविवारी सकाळी सगळे सामन्याला जमले तेव्हा मी आपण होऊन उभा राहिलो आणि सुधाचाच पांढऱ्या टोप्यांचा संघ घेतला. बायकोच्या बाजूने बसायचं आहे, हे कारण दिल्यावर खोलीभर टाळ्या झाल्या. मग घरी आल्यावर मी केतकीला म्हटलं, "सूनबाई, मी इराच्या बाजूने आहे. कारण सांगतो." आणि मैदानावरचं सगळं सांगितलं.

केतकीचा चेहरा उतरला. "बाबा, तुम्ही बुधवारी परत जाणार. अभ्यास मी घेते. दिवसभर ऑफिस करून."

"गणित माझ्याकडे दे," मी म्हटलं. जन्मभर मी गणितच शिकवत आलो. "पुण्याहून, व्हिडिओवर, रोज."

ती कपडे वाळत घालायला गेली.

सोमवारी पांढऱ्या टोप्या हरल्या, आणि मला चक्क वाईट वाटलं. हळहळत मी तीन टोस्ट खाल्ले. फ्रिजवरचा कागद मात्र सकाळीच सहीसकट इराच्या दप्तरात गेला होता. "मला अजून पटलेलं नाही, बाबा," केतकी म्हणाली. "पण रोज साडेसहाला. म्हणजे तुमच्या चारला. दांडी चालणार नाही."

परतीच्या विमानात मी खुशीत होतो. इतकी वर्षं कुणाची बाजू घेतली नाही म्हणजे कुणाला दुखावलं नाही, अशी माझी समजूत होती. ती या प्रवासात दूर झाली, असं मी सुधाला सांगत होतो. ती खिडकीबाहेर बघत ऐकत होती.

"अमेय झाला तेव्हा," ती म्हणाली, "मी प्रयोगशाळेतली नोकरी सोडावी असं तुमच्या आईंचं म्हणणं होतं. मी तुमच्याकडे बघत होते. तुम्ही पेपर तपासत बसलात. मी राजीनामा दिला."

मला आठवत होतं. आठवत नाही, असं म्हणता आलं असतं.

"सोडू नकोस, असं म्हणायला हवं होतं मी," मी म्हटलं.

मग तिने चष्मा काढून पदराने पुसला.

"मी सोडली नसती हो," ती म्हणाली. "तुम्ही नुसतं तेवढं म्हणाला असतात ना, तर सोडली नसती."