शेवटच्या घरचं पाणी

अप्पा कुणाच्याही घरचं पाणी लगेच प्यायचे नाहीत. खिशातून काचेची बारीक नळी काढायचे, पेल्यातलं थोडं पाणी तिच्यात ओतायचे, औषधाचे दोन थेंब टाकायचे आणि नळी उजेडाकडे धरायचे. पाणी पिवळं झालं म्हणजे त्यात क्लोरीन आहे. मग पेला तोंडाला. नाही झालं तर पेला तसाच खाली. माझ्या साखरपुड्यात त्यांनी हे माझ्या होणाऱ्या सासऱ्यांसमोर केलं. रंग काही आला नाही. "मुलगी चांगली हाय," अप्पा म्हणाले, "टाकी तेवढी धुवून घ्या."

सोलापुरातल्या एका दवाखान्यात ते आरोग्य पर्यवेक्षक होते, मी त्यांच्या हाताखालचा आरोग्य सेवक. त्यांचं गाव अक्कलकोटच्या पलीकडचं. घरात कानडी, बाहेर मराठी. मला 'तम्मा' म्हणायचे, म्हणजे कानडीतला धाकटा भाऊ. चिडले की आडनावानं हाक मारायचे, आणि ते फार क्वचित.

त्यांच्या टेबलामागे आमच्या भागाचा हातानं काढलेला नकाशा होता. जुलाब-उलट्यांचा रुग्ण आला की त्या घरावर एक टिकली लागायची. टिकल्या काकूंच्या, म्हणजे अप्पांच्या बायकोच्या, पाकिटातल्या. उन्हाळ्यात लाल, पावसाळ्यात हिरवी, थंडीत काळी. काळ्या फारशा नव्हत्याच. "कॉलऱ्याला लोक पावसाळ्याचा रोग म्हणत्यात," अप्पा सांगायचे, "व्हय, हाय की. पण आपल्याकडं मे महिनाबी तेवढाच वाईट. पाणी येतंय चार-पाच दिवसांनी. तोवर नळ रिकामा. लोक मोटर लावून वडत्यात, आन् फुटका नळ शेजारचं गटार वडतोय." नकाशात टिकल्या उताराच्या टोकाला दाटलेल्या असायच्या. त्यावर बोट ठेवून ते एकच वाक्य म्हणायचे, "चढावर पाणी पिवळंच असतंय तम्मा. तू शेवटचं घर बघ."

मी पहिलं घर बघितलं.

हे मी कितीतरी वर्षं कुणाला सांगितलं नव्हतं. मेमधली सकाळ होती, पूर्व भागातली उताराची गल्ली, दोन्ही बाजूंना यंत्रमाग. गल्लीतली पाच घरं तपासून नोंदवहीत लिहायची. मी वरच्या घरी नळी धरली, पाणी छान पिवळं झालं, आणि तिथल्याच ओट्यावर बसून पाचही घरांपुढं 'पिवळा' लिहिलं. बरीच वर्षं मी स्वतःला उन्हाचं कारण देत आलो. ऊन होतंच. पण खरं कारण कंटाळा. अप्पांनी संध्याकाळी वही घेतली आणि खाली सही केली.

दोन दिवसांनी त्या गल्लीत रुग्ण निघाले. तपासणीत कॉलरा आला. अप्पांनी वही उघडली. शेवटच्या घरी पाणी पिवळं, मग पाण्याचा दोष नाही. ते बर्फाच्या मागे लागले. कोपऱ्यावरची रसवंती बंद केली, बर्फाच्या गाडीमागे दोन दिवस उन्हात हिंडले. मी त्यांच्याबरोबर हिंडलो. प्रत्येक चौकात वाटायचं, आता सांगावं. चौक मागे पडायचा. गल्ली तेच पाणी पीत राहिली. तिसऱ्या दिवशी अप्पा एकटेच शेवटच्या घरी गेले आणि नळी घेऊन परत आले. रंग नव्हता. त्यांनी नळ बंद करायला लावला, टँकर मागवला. त्या घरातली, मागासाठी सुताच्या कांड्या भरणारी म्हातारी त्याच सकाळी कॉलऱ्यानं गेली होती.

चौकशी झाली. सही अप्पांची होती, नोटीस अप्पांना आली. निवृत्तीला वर्ष उरलं होतं. मला त्यांनी एकदाही काही विचारलं नाही. फक्त त्यानंतर मला तम्मा म्हटलं नाही, आडनावानंही हाक मारली नाही. नुसतं, "अहो."

मागच्या उन्हाळ्यात ते अंथरुणाला खिळले आहेत असं कळलं. मी आता त्यांच्याच खुर्चीवर बसतो. गावी गेलो. काकूंनी त्यांच्यासाठी पाणी आणलं, त्यांनी डोळ्यांनीच मला खूण केली. मी नळी काढली. पिवळं. ते दोन घोट प्याले.

"अप्पा, त्या दिवशी मी शेवटच्या घरी गेलो नव्हतो."

"ठाऊक हाय. त्या घरच्यांनीच सांगितलं, कोण आलंच न्हाय म्हणून."

"मग मला बोलला का नाहीत?"

"काय बोलू? शेवटचं घर बघ म्हणून सगळ्यांना सांगत फिरलो, आन् बिनबघता सही केली. सही माझी हाय की." मग म्हणाले, "त्या बाईचं नाव ठाऊक हाय का तुला?"

मला ठाऊक नव्हतं.

"जाऊन इचार, तम्मा."

पंधरवड्यानं अप्पा गेले. त्यांची माती झाल्यावर परत आलो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ती गल्ली उतरलो. इतक्या वर्षांत मी वरच्या ओट्याच्या पुढे गेलो नव्हतो. खाली दुसऱ्याला पाठवायचो. शेवटच्या घरात माग चालू होता. सून बाहेर आली. गळ्यातलं ओळखपत्र बघून तिनं तांब्याभर पाणी आणलं, "तपासा की."

मी आधी नाव विचारलं. नरसम्मा. सासू होत्या तिच्या. मग मी कोण, त्या सकाळी काय लिहिलं, ते सांगितलं. मागाच्या आवाजात तिला ऐकू गेलं नसेल असं वाटलं, म्हणून परत सांगितलं.

"ऐकलं," ती म्हणाली. "कुणी आलं नव्हतं, एवढं माहीत होतं आम्हाला. कोण, ते माहीत नव्हतं."

आणि ती तांब्या उचलून आत घेऊन गेली.