मुंडाशानं पुसलेली फरशी

"पुस. तुझ्याच मुंडाशानं पुस."

ठाण्यातला साहेब माझ्या बापाला, आण्णाला, म्हणाला. आण्णाच्या पायताणाचा चिखल फरशीला लागला हुता, एवढाच गुन्हा. आमी धनगर. घरातलं माणूस गेलं तरच आमच्यात गडी चारचौघांत मुंडासं उतरवतो. माझा बाप जित्या माणसांसमोर बोडका झाला आणि गुडघ्यावर बसून फरशी पुसाय लागला.

आमी फिर्याद द्यायला गेलो हुतो. आण्णा उंब्रजकडनं मेंढरं माघारी आणत हुता. गावच्या येशीजवळ वाळूच्या डंपरवाल्यानं कळपातच गाडी घातली. गाभण मेंढ्या चिरडल्या. डंपरचा मालक आमच्या आधीच येऊन साहेबासंगं च्या पीत बसला हुता.

मी म्हणलं, फिर्याद लिहून घ्या. साहेब हसला. पोलीस भरतीत माझी निवड झालीय हे त्याला ठावं हुतं. माळावर पळून पळून पायाची सालपटं निघाली, तवा कुठं यादीत नाव लागलं हुतं.

"चारित्र्याचा दाखला ह्याच ठाण्यातनं जायचाय, बाई. तुझं चारित्र्य मी ठरवणार."

मी भिंतीवरच्या कॅमेऱ्याकडं बोट केलं. तर म्हणतो, बंद हाय तो. वरनं हुकूम आला म्हणून लावला, चालू ठेवा असं कुणी सांगितलंय? सगळं ठाणं खिदळलं. ह्यांची सुधारणा ही असली.

आण्णानं माझा दंड धरला. "चल पोरी. मेंढरं पुन्ना व्हतील. नोकरी पुन्ना न्हाई मिळायची."

लय राग आला. साहेबाचा, आणि आण्णाचाबी. ज्या वर्दीपायी माझा बाप रांगला, ती अंगावर चढवून मी उद्या कुणाला रांगवू?

तिथंच बाकड्यावर बसून राहिले. फिर्याद त्यांनी घेतलीच न्हाई. दुसऱ्या दिवशी सांगली गाठली. पोलिसांच्या वरच्या कचेरीत मेंढ्यांची तक्रार दिली आणि आण्णाला काय करायला लावलं त्याचीबी दिली. साहेबाचं नाव घालून.

आता दाखला अडकलाय. कोण ना कोण निरोप घेऊन येतंय, तक्रार मागं घे आणि दाखला ने. गावातली शहाणी माणसंबी तेच सांगत्यात. आण्णा माझ्याशी बोलत न्हाई.

वर्दी मिळाली तर घालीन. न्हाई मिळाली तर मेंढरं राखीन, मला त्याची लाज न्हाई. पण तक्रारीच्या चौकशीला तो साहेब आणि मी समोरासमोर येणार. तिथं सगळं सांगीन, त्याच्या तोंडावर. तक्रार मी मागं घेणार न्हाई.