रुपरावांचे अनमोल ओठ

रुपराव धकाते म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीचा, गोपिकेचा नवरा. तांडापेठेत त्याचा हातमाग होता. पण मागापेक्षा त्याला ओठांची काळजी जास्त. तरुणपणी मोहल्ल्यातल्या गणपतीत त्यानं एकदा नायिकेचं काम केलं आणि कुणीतरी मेल्यानं म्हटलं, "काय ओठ आहेत बापा!" झालं! पोरगी लग्नाला आली तरी हा बाप्या आरशासमोरून हलेना. असला डौल मला बघवत नाही, स्पष्टच सांगते.

मी, सिंधू, शेजारीच राहायची आणि चरख्यावर त्याच्या कांड्या भरून द्यायची. म्हणजे आडवं सूत नेणाऱ्या धोट्यात बसवायच्या सुताच्या नळ्या. त्यामुळे हे सगळं मला दिवसभर बघावंच लागे.

चौऱ्याहत्तरचा हिवाळा फार कोरडा गेला. सगळ्यांचेच ओठ फुटले. आम्ही तुपाचं बोट फिरवलं आणि कामाला लागलो. रुपरावाचे ओठ फुटले, तर घरात जणू सुतक पडलं. तो सारखी जीभ फिरवायचा, नखानं सालटं ओढायचा, रक्त आलं की पुन्हा चाटायचा. वर तंबाखूचा चुना होताच.

गोपिका म्हणाली, "अहो, चाटून चाटून तुमीच ओठ फोडून राहिले. पाणी प्या, सालटं ओढू नका. झोपताना तूप लावा थोडंसं."

"तूप पोळीले लावतात," हे त्याचं उत्तर. दुसऱ्या दिवशी सीताबर्डीवरून त्यानं एक गुलाबी मलमाची डबी आणली. कापराचा भपका यायचा तिला. ओठाला लावली की झोंबायची, आणि हा डोळे मिटून म्हणायचा, "झोंबते म्हणजे लागू पडते!" मग दर पाव तासाला थर. झोंबलं की चाटायचं, चाटलं की वाळायचं, वाळलं की पुन्हा डबी. महिनाभरात होते नव्हते तेही ओठ गेले.

तेही चाललं असतं. पण त्याच हिवाळ्यात आमच्या शामलाचं, म्हणजे त्याच्या पोरीचं लग्न उमरेडच्या गणपतरावांच्या घरी ठरलं. तेही विणकरच. दोन्ही घरांची रीत अशी की साखरपुड्याचं पातळ पोरीच्या बापानं स्वतःच्या मागावर विणायचं आणि व्याह्यांनी ते उन्हात धरून पाहायचं. पातळ पसंत पडलं तरच सुपारी फुटायची. शामलाला मुलगा आवडला होता. पोरगी दिवसातून चारदा मागापाशी येऊन कापड किती झालं ते बघून जायची.

पातळ मोतिया, काठ लाल. कांडी संपली की नवी बसवायची आणि धोट्याच्या भोकाला ओठ लावून सूत बाहेर ओढून घ्यायचं, ही आमच्याकडची जुनी सवय. हा ओढायचा मलम थापलेल्या ओठांनी! गोपिकेनं पाहिलं. तिनं केसातला आकडा काढला, वाकवला आणि त्याच्यापुढे धरला. "यानं ओढा. नाहीतर ओठ पुसून तरी घ्या."

"माह्या बापानं ओठानंच ओढलं. मले बायकी आकडे शिकवतं काय वं?"

आरशापुढे अर्धा दिवस घालवणारा हा माणूस आकड्याला बायकी म्हणाला.

गणपतराव आले. अंगणात पातळ धरलं तर काठालगत ओळीनं डाग, वीतभर अंतरानं एकेक. तेलकट, त्यावर मागाची धूळ बसून काळपट झालेले. शामलाचा चेहरा उतरला. आणि माझा मेहुणा काय म्हणाला? पाहुण्यांसमोर, मोठ्यानं म्हणाला, "सिंधूताईच्या हाताचं तेल लागलं असन कांड्यायले."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. गणपतरावांनी डाग नाकाशी नेला, हुंगला, मग रुपरावाच्या तोंडाकडे नीट पाहिलं आणि पातळाची घडी करून परत दिली. "पुढच्या सोमवारी येतो. तवाबी असंच असन, तर राहू द्या."

नशीब, मागावर आणखी एका पातळाचा ताणा, म्हणजे उभं सूत, लावलेला होता. रुपराव ओठ दुखतात म्हणून बाजेवर पडला. बाईनं मागावर बसायचं नाही, असं त्याच्या घरचं वळण. पण आमच्या बापानं आम्हा दोघींनाही माग शिकवला होता. गोपिकेनं पदर खोचला आणि बसली. आठ दिवस ती विणत होती, मी कांड्या भरत होते, आणि प्रत्येक सूत त्या आकड्यानं ओढलं गेलं. शामला पाण्याचा तांब्या घेऊन आईच्या बाजूला बसून असायची.

सोमवारी गणपतरावांनी पातळ उन्हात धरलं, पालथं केलं, काठावरून बोट फिरवलं. एक डाग नाही. "वा! हात आहे, व्याही."

आणि रुपराव हसला! ओठांवर गुलाबी थर चकाकत होता. "पिढीजात आहे," म्हणाला.

गणपतराव उठले, मागावरचा धोटा घेतला, त्यात नवी कांडी बसवली आणि त्याच्या हातात दिला. "मंग एकदा सूत ओढून दाखवा. आमी बी शिकतो."

रुपरावानं धोटा तोंडाजवळ नेला. तिथंच थांबला. अंगणातले सगळे त्याच्या तोंडाकडे बघत होते. इतकी वर्षं त्याला हेच तर हवं होतं! मला कीव यायला हवी होती. नाही आली.

शामला पुढे झाली. तिनं आईच्या अंबाड्यातला आकडा काढला आणि होणाऱ्या सासऱ्यांच्या हातावर ठेवला. "पातळ आईनं विणलं," म्हणाली.

गणपतरावांनी आकडा उलटसुलट करून पाहिला, गोपिकेला हात जोडले आणि सुपारी फोडा म्हणाले. जाताना असेच पाच आकडे मागून घेतले, घरच्या मागांसाठी.

पाहुणे गेल्यावर रुपराव मागाकडे निघाला. गोपिका आधीच तिथं बसली होती. तिनं कोनाड्यातली गुलाबी डबी उचलून त्याच्या हातात दिली.

"माग मी सांभाळीन," ती म्हणाली. "तुमी ओठ सांभाळा."