काळ्या पेटीतला खुनी

"काळी पेटी उघडायची नाही. आणि का, असं विचारायचं नाही."

कॉलेज सुटल्यावर मी आमच्या व्हिडिओ लायब्ररीत काउंटरवर बसायला लागले, तेव्हा पहिल्याच दिवशी नानांनी मला हा नियम सांगितला. नाना म्हणजे माझे थोरले काका. मी बी.ए.च्या वर्गात, वादविवादात ढाल आणलेली. 'का' विचारल्याशिवाय मला जेवण पचत नाही! पण धुळ्यात काकांसमोर ढाल चालत नाही.

व्हिडिओ लायब्ररीत किस्से कॅसेटींसारखेच साठतात. लोक घेऊन जातात, अर्धवट बघतात आणि रिवाइंड न करता आणून टाकतात. ते मागे फिरवून नीट लावायचं काम माझ्यासारखीच्या गळ्यात! आता दुकानच बंद झालंय. म्हटलं, उरलेलेही फिरवून टाकावेत.

* * *

आधी पेटीबद्दल. एका जुन्या, ब्लॅक अँड व्हाइट, खुनाच्या पिक्चरची ती खास आवृत्ती. मुंबईच्या कुठल्याशा कंपनीने काढलेली. काळा डबा, सोनेरी अक्षरं, आत दोन कॅसेटी, फोटोंचं पुस्तक आणि जुन्या पोस्टरची नक्कल, असं मागे छापलेलं. वरून प्लास्टिकचं सील. नानांनी ती मुंबईहून एस.टी.ने मांडीवर घेऊन आणली. एवढ्या मायेने त्यांनी मला कधी मांडीवर घेतलेलं आठवत नाही.

पिक्चरचं नाव सांगणार नाही. सांगितलं तर तुम्ही जाऊन शेवट बघाल.

पेटीची जागा देवाच्या फळीवर, गणपतीशेजारी. झाकणावर हॅट घातलेला, पिस्तूल रोखलेला माणूस. अक्का, म्हणजे नानांची थोरली बहीण, दर लक्ष्मीपूजनाला दुकानातल्या एकेका वस्तूला कुंकू लावायची. टीव्हीला, व्हीसीआरला, रिवाइंडरला, आणि मग त्या हॅटवाल्याच्या कपाळाला!

"अक्का, तोच खुनी असला तर?"

"असू दे. वरीसना सण शे. त्याले बी लागू दे बोट!"

* * *

आमच्या गल्लीचे एक जावई वरणगावच्या दारूगोळ्याच्या कारखान्यात कामाला होते. सुट्टीत सासरी आले की रोज एक मारधाडीचा पिक्चर न्यायचे. न्यायचे एकटे, पण बघायचे वही-पेन्सिल घेऊन.

एकदा तावातावाने आले आणि कॅसेट काउंटरवर आपटली. "खराब आहे!"

मी लावून बघितली. चित्र स्वच्छ, आवाज खणखणीत. "काय खराब आहे, भाऊ?"

"सहा गोळ्यांचं पिस्तूल, आणि उडाल्या किती? अकरा! आमच्याकडे असा माल पास होत नाही!"

* * *

दुकानात रोजचं भांडण एकच. रावेरचे दगडूभाऊ केळीच्या ट्रकांच्या कामाला हायवेवर यायचे, आणि सोनगीरचे आबा तांब्या-पितळेची भांडी पोहोचवायला. दोघांनीही तरुणपणी तो पेटीतला पिक्चर यात्रेतल्या तंबू टॉकीजमध्ये पाहिलेला. वेगवेगळ्या गावी, पण एकाच साली. आणि दोघांचे खुनी वेगळे!

"डॉक्टर व्हता तो!" दगडूभाऊ म्हणायचे.

"वकील व्हता! मी सोता आयकेल शे!" आबा टेबल ठोकायचे.

"मग पेटी उघडा आणि बघा ना एकदाचं!" मी म्हणायचे. की तिघंही, नाना धरून, माझ्याकडे असं बघायचे जणू मी गणपतीच फोडायला सांगितलाय.

एकदा मुंबईहून आलेल्या पाहुण्याने सहज सांगितलं, की खुनी तिसराच आहे. दोघांनी मिळून त्याला पायरीपर्यंत नेऊन सोडलं. "मुंबईवाल्यांना काय कळतं पिक्चरमधलं!" इतक्या वर्षांत त्यांचं एकमत झालेलं मी तेवढंच पाहिलं.

हे चालू असताना कोपऱ्यात रशीदचाचा खाली मान घालून व्हीसीआरचं हेड पुसत बसलेले असायचे. कपडा, स्पिरिट, आणि एक शब्द नाही.

* * *

रशीदचाचा आमचे मेकॅनिक. त्यापूर्वी त्याच तंबू टॉकीजमध्ये पिक्चर दाखवायच्या मशीनवर होते. डोळ्यांत मोतीबिंदू उतरलेला, म्हणून बिघाड कानाने ओळखायचे. एका बाईंनी रडत व्हीसीआर आणला. पोराने आत काहीतरी घातलं होतं, काय ते पोरगं सांगेना. चाचांनी कान लावला आणि म्हणाले, "बेटी, शेंगदाण्याची चिक्की." उघडलं, तर चिक्कीच!

"चाचा, कसं ओळखलं?"

"आवाज गोड होता," म्हणाले.

* * *

त्याच चाचांनी एका दुपारी, दुकानात कुणी नसताना, मला खरं ते सांगितलं.

त्या साली पिक्चरची रिळं आली आणि टॉकीजचं सामान एका केळीच्या ट्रकमधून रावेरकडच्या एका गावी उतरवलं. चाचांनी डबे मोजलेच नाहीत. शेवटचं रीळ ट्रकमध्येच राहिलं आणि केळ्यांबरोबर दिल्लीला गेलं! पहिला खेळ त्याच संध्याकाळी. शेवट कुणीच बघितलेला नाही, चाचांनीही नाही. मालक म्हणाला, "रशीद, काहीतरी कर, नाहीतर लोक तंबू पेटवतील."

पोस्टरवर छापलेलं होतं, 'कृपया शेवट कुणालाही सांगू नका.' त्यावरून चाचांना सुचलं. मशीन थांबलं, अंधार झाला. मालकाचा कोट अंगात, हनुवटीखाली बॅटरीचा उजेड, असे ते पडद्यापुढे उभे राहिले. "मायबाप हो, शेवट इतका गुप्त आहे, की कंपनीने तो पिक्चरमध्ये घातलेलाच नाही! माणूस पाठवून समक्ष सांगायची ऑर्डर आहे!"

लोकांना पटलं. नुसतं पटलं नाही, शिट्ट्या पडल्या! त्या गावचा डॉक्टर प्रत्येक दुखण्यावर एकच लाल गोळी द्यायचा, म्हणून लोक चिडलेले. चाचांनी खुनी डॉक्टर केला. पुढच्या मुक्कामी वकिलावर राग होता, तिथे वकील. एका गावी पाटील करायचा होता, पण तो पहिल्याच रांगेत बंदूक घेऊन बसलेला. तिथे खुनी परगावचा निघाला.

मी हसून हसून बेजार. चाचा हसले नाहीत.

"बेटी, मशीनवरचा रशीद आणि तो कोटवाला एकच, हे त्या दोघांना माहीत नाही. त्यांच्या जिंदगीतला सगळ्यात भारी पिक्चर आहे तो. पेटी उघडली की दोघं आधी माझ्याकडे बघतील. इतकी वर्षं त्यांच्याबरोबर चहा पितोय मी."

"आणि नानांना माहीत आहे?"

चाचांनी कपड्यावर स्पिरिट ओतलं. "नानाला कधी विचारलं नाही."

त्या दिवसापासून मीही पेटीबद्दल बोलायची बंद झाले. अक्काला वाटलं, मला ताप आलाय!

* * *

मग केबल आली. गल्लीगल्लीत तारा लोंबायला लागल्या आणि आमच्या कॅसेटींवर धूळ. नानांनी दुकान बंद करायचं ठरवलं. चाचा सुरतेला मुलाकडे निघाले.

शेवटच्या रविवारी दुपारी सगळे जमले. अक्काने कढी-खिचडी आणली. जेवणं झाली, तसे दगडूभाऊ म्हणाले, "नाना, आता दुकान नाही, तर नियम कशाला? उघडा पेटी. जाता जाता निकाल लागू द्या."

"लागू दे!" आबांनी टेबल ठोकलं.

मी नानांकडे पाहिलं. नाना चाचांकडे बघत होते. चाचा म्हणाले, "उघड, नाना. किती दिवस ठेवशील?"

नानांनी ब्लेडने सील कापलं. मी कॅसेट लावली. पहिली संपली, दुसरी लावली. कुणी हललं नाही. अक्काने पदर तोंडात धरलेला. दगडूभाऊ आणि आबा, साठीचे दोन बाप्ये, पुढे सरकत सरकत जमिनीवर मांडी घालून बसलेले, तंबूत बसले असतील तसे. चाचांना पडदा धूसरच दिसत होता, पण कान तिकडे लागलेले. हातातला कपडा त्यांनी इतका पिळला होता, की स्पिरिट खाली ठिबकत होतं.

पडद्यावर सगळे एका दिवाणखान्यात जमले. डॉक्टर, वकील, बाकीचे. इन्स्पेक्टरने हॅट काढली. म्हणाला, "खून करणारा माणूस याच खोलीत आहे." आणि त्याने बोट उचललं.

मी स्टॉप दाबला.

निळा पडदा. एक क्षण सगळ्यांना वाटलं, कॅसेट अडकली.

"काय झालं वं?" आबा ओरडले.

मी कॅसेट बाहेर काढली आणि छातीशी धरली. "मी लावणार नाही."

"अरे, लाव ना पोरी!" दगडूभाऊ उठायला लागले. "तीस वर्षं झाली!"

"वैजू," अक्का म्हणाली, "मोठ्यांचं ऐकावं."

"नाही लावणार."

"पण का?" दोघं एकदम म्हणाले.

"का, असं विचारायचं नाही!"

आयुष्यात पहिल्यांदा मोठ्यांसमोर माझी ढाल चालली. दगडूभाऊ अर्धवट उठलेले तसेच राहिले. आबांचा हात टेबलावर ठोकायला उचललेला, तो वरच.

नाना उठले. त्यांनी दुकानाचं शटर खाली ओढलं, ट्यूबलाइट बंद केली. अंधारात ड्रॉवर उघडल्याचा आवाज आला. मग त्यांनी बॅटरी काढली आणि रशीदचाचांच्या हातात दिली.