साडूंचं पथ्य आणि सासूबाईंचे धोंडे

मधुमेह होऊन माणूस खूश झाल्याचं मराठवाड्यात एकच उदाहरण असावं, आणि ते म्हणजे आमचे लातूरचे थोरले साडू. साखर निघाली की लोक तोंड पाडून बसतात, यांनी घरच्यांना बोलावून सांगितलं, "आता खरं जेवण सुरू झालं." तेव्हापासून ताटात आधी मेथीची नाहीतर करडईची ढीगभर भाजी, मग वरण, आणि शेवटी ज्वारीची एकच भाकरी, तीही इतकी चावून की तोवर समोरचा हात धुऊन सुपारी कातरायला बसतो. मुलाचा दहावीचा निकाल त्यांनी विचारल्यावर सांगितला होता. उपाशीपोटीची साखर मात्र न विचारता सगळ्या नातेवाइकांना कळवतात. नांदेडला आमच्याकडे उतरले की चहात साखर टाकणाऱ्या हातावर त्यांची नजर असते. नायगावच्या एका लग्नात वाढप्याने बुंदी आणली, तर ताटावर दोन्ही हात पसरून त्यालाच म्हणाले, "तुमची तपासली का कधी?" तो बिचारा आमची अख्खी रांग सोडून पुढे गेला आणि माझीही बुंदी बुडाली.

हे सगळं हसण्यावारी नेता येतं, पण त्यांच्या मोठ्या भावाचा पाय याच दुखण्यात काढावा लागला होता. "मला म्हातारपणी माझ्याच पायांनी हिंडायचं हाय," एवढंच ते त्यावर बोलतात आणि लगेच आपल्या ताटातल्या भाजीकडे वळतात.

खरी कसोटी धोंड्याच्या महिन्यात लागली. लोह्याच्या आमच्या सासूबाईंनी दोन्ही जावयांना जेवायला बोलावलं. कणकेत पुरण भरलेले धोंडे, वर तुपाची धार. अधिकात जावई ते न खाता उठला तर सासूच्या जिवाला लागतं. साडूंनी भाजीवर ताव मारला, भात नको म्हणाले, भाकरीही नको म्हणाले आणि धोंडे आले तसा हात आडवा धरला.

"न्हाई मामी, परहेज करून राहिलो."

सासूबाई रागावल्या नाहीत. पदर सावरत म्हणाल्या, "आता पुढचा धोंडा तीन सालांनी, जावईबापू. तवर मी असन का न्हाई, कुनाला ठाव."

साडूंनी एक धोंडा घेऊन मोडला, मोठा तुकडा माझ्या ताटात टाकला आणि उरलेला डोळे मिटून, भाकरीपेक्षाही हळू खाल्ला.

"मामी, पुढच्या खेपेला मी चालत येतो. तुमी बी राहायचं."

"राहते की," सासूबाई हसून म्हणाल्या.

हात धुताच त्यांनी मला भर उन्हात फिरायला ओढलं. खाल्लेला धोंडा जिरवायचा होता. रस्ताभर साखरेचं नाव काढलं नाही. बाजारापाशी थांबले आणि हळूच म्हणाले, "साडूभाऊ, मामी असतील न हो तवर?"

"असतील की," मी म्हणालो. त्यांनी मान हलवली आणि असे झपाझप निघाले की मला त्यांच्यामागे पळावं लागलं.