पुढचं कोण बघणार?

नवी वस्तू बघून खूश झालेला आमचा मामा मी कधी पाहिला नाही. बाबांनी विहिरीवर मोटार बसवली, गल्लीत पेढे वाटले. मामानं पेढा तोंडात टाकला, मोटारीभोवती एक फेरी मारली आणि विचारलं, "घेतली ते ठीक. पुढचं कोण बघणार?" जळाली तर वाइंडिंग भरून कुठून आणणार, तोवर पिकाला पाणी कसं देणार, असं सगळं त्या एका प्रश्नात यायचं. माझ्या साखरपुड्यातही भरल्या मांडवात तो म्हणाला, "लग्नाचा खर्च कळला. पुढचं कोण बघणार?" माझ्या सासऱ्यांचा चेहरा पार उतरला. गावानं त्याचं नावच पाडलं होतं, पुढचे मामा.

मामा म्हणजे माझ्या मायचा धाकटा भाऊ. सरकारी खात्यात ओव्हरसियर होता, राहायला हिंगोलीत. पावसाच्या पाण्याच्या नाल्यांची अंदाजपत्रकं करण्यात त्याची हयात गेली. दगड, सिमेंट, खोदाई हे सगळे लिहितात. मामा त्याखाली दरसालची देखभाल लिहायचा. गाळ कोण काढणार, काढलेला गाळ कुठं टाकणार, बैलगाडीच्या चाकानं कड फुटली तर कोण सांधणार. वरचे साहेब वैतागायचे, "अहो, आधी बांधू तर द्या!" मामा म्हणायचा, "बांधायचा खर्च एकदाचा असतो साहेब, वाहती ठेवायचा दरसालचा."

आमचं गाव कुरुंद्याच्या अंगाला. वर माळ, खाली गल्ल्या. जोराचा पाऊस झाला की माळावरचं सगळं पाणी आमच्या गल्लीतून धावायचं आणि गल्लीच्या टोकाला, सखलात राहणाऱ्या रुख्मामावशीच्या घरात शिरायचं. मावशी एकटी, विधवा, दीड एकर हळदीवर जगणारी. नव्वदच्या दशकाच्या शेवटी आमच्या गल्लीला नाली मंजूर झाली, आणि काम आलं नेमकं मामाकडं. मायची मान काय ताठ झाली म्हणता! मामानं ग्रामसभेत देखभालीचा हिशोब मांडला. पावसाळ्याआधी एकदा आणि पोळ्यानंतर एकदा गाळ काढायचा, घरटी वाटा द्यायचा. अट एकच, नाली उघडी ठेवायची. लोकांनी हो हो केलं. पहिला पावसाळा मावशीनं कोरड्या जमिनीवर बसून काढला.

पुढच्या उन्हाळ्यात हळद जोरात आली. शिजवलेली हळद वाळवायला आमचं अंगण पुरेना. मायनं दारापुढच्या नालीवर फरशा टाकल्या आणि सिमेंटनं पक्क्या करून घेतल्या. वर पिवळीधमक हळद पसरली. आखितीच्या सणाला मामा आंबे घेऊन आला आणि दारातच थबकला.

"आक्का, हे काय? गाळ काढताना पुढचं कोण..."

माय तिथंच उखडली. "भाऊ म्हून आलास का साहेब म्हून? साहेब असशील तर बाहीर उभा ऱ्हा!"

मामा गप्प बसला. आमरस खाल्ला, पण वाटी दुसऱ्यांदा पुढं केली नाही. मायनं मात्र दुसऱ्या दिवशी गल्लीभर सांगितलं, "माझ्या भावानं बघितल्या फरशा. काई म्हणला न्हाई." झालं! महिन्याभरात अख्ख्या गल्लीची नाली फरशांखाली गेली. गाळ काढायला आलेली माणसं फावडी खांद्यावर टाकून परत गेली. मामानं नवा हिशोब केला आणि कसंनुसं हसला. "आता फरशी फोडणारा लागंल, परत बसवणारा लागंल. अन् भांडण सोडवणारा. तो धरायचा म्या विसरलोच."

जुलैतल्या एका दुपारी माळावर पाऊस कोसळला. नाली तुंबली, पाणी वरून धावलं आणि मावशीच्या घरात कमरेएवढं चढलं. भाव यायची वाट बघत ठेवलेली तिची हळदीची पोती भिजून काळी पडली. मामा तिच्याकडं गेला तेव्हा मी सोबत होतो. मावशीनं चूल वाळवून त्याला चहा दिला. "तुमचा काय दोष दादा, पाणी हाय ते," म्हणाली. मामाला तो चहा गिळवेना. तिनं चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं, असं मला तेव्हा वाटलं.

त्यानंतर मामानं आमच्या गल्लीत पाय टाकला नाही. आला तर मागच्या बाजूनं, गोठ्यातून यायचा. मी मोटारसायकल घेतली, त्याच्यापुढं मुद्दाम उभी केली. "छान हाय," एवढंच म्हणाला. पुढचं काहीच नाही. माय आत तोंड फिरवून बसली.

त्या भाऊबीजेला मामा पुन्हा गोठ्यातून आला. मायनं ओवाळणीचं ताट खाली ठेवलं, पहार घेतली आणि दारापुढच्या फरशा फोडायला लागली. बाबा ओरडले, गल्ली गोळा झाली. ती थांबली नाही. शेवटची फरशी निघाली तेव्हा घामानं निथळत म्हणाली, "आता म्होरल्या दारानं ये."

मामा नाली ओलांडून आत आला, ओवाळून घेतलं. मग उठून मावशीच्या दारात गेला. "मावशे, चूक माझीच हाय. बहिणीपुढं माझं तोंड उघडलं न्हाई." मावशीनं त्याच्याकडं बघितलं आणि या खेपेला म्हणाली, "व्हय दादा. उघडाय पायजे व्हतं." माय माझ्या शेजारी उभी होती. ती काहीच बोलली नाही. हळूहळू बाकीच्यांनीही फरशा काढल्या, काहींनी कुरकुरत. पण मामाची मान त्या गल्लीत कधी पुरती वर झाली नाही.

काही वर्षांनी, निवृत्ती तोंडावर आलेली असताना, मामा अचानक गेला. हिंगोलीहून त्याची माती आटोपून परतलो तर अंघोळीआधी घरात जायचं नाही म्हणून माय बाहेरच थांबली. नालीत हळदीचा पाला अडकला होता. ती खाली बसली आणि हातानं तो ओढून काढायला लागली.

"असू दे की माय आता," मी म्हणालो.

तिनं वर बघितलं नाही. "तवा त्यो कितीबी बोलला असता ना, तरी म्या आयकलं नसतं रे. फरशा काढल्याच नसत्या. बोलायची मलाच लाज वाटत गेली. येवढं त्याला सांगायचं ऱ्हाऊन गेलं."