कॅरेटसकट अकरा किलो

माझ्यामागून नोकरीला लागलेली सिस्टर आज आमच्या मुलांच्या वॉर्डची इन्चार्ज आहे. माझं नाव दोनदा मागे पडलं. कारण काय, तर मी तोंडाळ. असेन. पिंपळगावच्या बाजारात आईबरोबर भाजी विकत मी नर्सिंग शिकले. तिथे गप्प बसणाऱ्याचा माल संध्याकाळी तसाच पडून राहतो.

त्या दुपारी इन्चार्जबाई मीटिंगला गेल्या होत्या. पेठ तालुक्यातून द्राक्षांच्या कामाला आलेलं एक जोडपं दोन वर्षांच्या मुलीला घेऊन धावत आलं. तिला ताप होता, झटके येत होते. पहिल्या इंजेक्शनने झटका थांबला. तो परत येऊ नये म्हणून डॉक्टरांनी फेनिटॉइन सांगितलं, किलोला वीस मिलिग्रॅम. हे औषध कमी पडलं तर झटका परततो, जास्त झालं तर हृदयाचे ठोके बिघडतात.

"वजन किती?"

"अकरा किलो," बाप म्हणाला. "चार दिवसांपूर्वीच मोजली."

डॉक्टरांनी लिहिलं, दोनशे वीस मिलिग्रॅम. एका मिलीत पन्नास, म्हणजे चार पॉइंट चार मिली. मी वेगळा हिशेब केला, माझ्याबरोबरच्या ज्युनिअर सिस्टरने वेगळा केला. दोघींचं उत्तर तेच आलं.

औषध भरण्याआधी मुलीला नीट झोपवायला मी तिच्या पाठीखाली हात घातला, आणि थबकले. लहानपणापासून पाट्या उचललेला हात आहे हा. त्याला ते वजन अकरा किलो वाटेना.

"कुठं मोजली?"

"शेडवर, ताई. द्राक्षांच्या काट्यावर."

"एवढीशी पोर गुपचूप बसली?"

"नाय, पळायची. मंग द्राक्षं भरायच्या प्लास्टिकच्या कॅरेटात बसवली, खाली गोधडी टाकून."

"आणि कॅरेट वजा केलं?"

त्याने बायकोकडे पाहिलं. ती म्हणाली, "मी तवाच म्हनले व्हते, येवढी कशी भरली!"

डॉक्टर वैतागले. "सिस्टर, एक-दोन किलोने काय होतंय? झटका परत आला तर?"

"द्राक्षाचा व्यापारीसुद्धा कॅरेटचं वजन कापतो, सर. मी अंदाजाने देणार नाही."

"मग उशिराची जबाबदारी तुमची."

"लिहून द्या तसं!"

मी ओरडलेच. पण त्यांची घाईही खोटी नव्हती, आणि त्याचीच मला भीती वाटत होती. आमचा काटा महिनाभर बंद होता. दोनदा लेखी कळवूनही कोणी दुरुस्तीला नेला नव्हता. ज्युनिअरला ऑक्सिजन आणि झटक्याचं पहिलं औषध हाताशी ठेवायला सांगून मी शेजारच्या बाळंतिणींच्या वॉर्डात पळाले.

तिथली सिस्टर काट्यावर हात ठेवूनच बसली. "तुमच्याकडे गेलेली वस्तू परत येत नाही."

"दहा मिनिटं."

"मागच्या वेळी आठ दिवस झाले."

"तुझा रविवार मी करते."

"दोन रविवार."

"एक. आणि आत्ता हो म्हणाली नाहीस तर तोही नाही. काटा तर मी नेतेच आहे."

मी काटा उचललासुद्धा. मागून तिचा आवाज आला, "सकाळची ड्युटी आहे हां!"

आम्ही मुलीचे कपडे काढले, सलाइनची नळी वर धरली. आकडा थांबला. आठ किलो. डॉक्टरांनी वाकून स्वतः पाहिला. जुन्या डोसवर आडवी रेघ मारून त्यांनी नवा लिहिला, खाली सही केली. एकशे साठ मिलिग्रॅम, तीन पॉइंट दोन मिली. ज्युनिअरने माझा कागद न बघता पुन्हा हिशेब केला. तोच आला.

औषध सलाइनमध्ये मिसळून वीस मिनिटांत, सावकाश द्यायचं होतं. माझी नजर मॉनिटरवर, बोटं तिच्या मनगटावर. बाराव्या मिनिटाला तिचा डावा हात उडाला. डॉक्टर पुढे झाले. बाप भिंतीला टेकला. हात पुन्हा उडाला, आणि मग दिसलं की ती सुईवरची चिकटपट्टी ओढतेय. डोळे उघडे होते. मला बघून तिने जोरात भोकाड पसरलं.

औषध संपता संपता इन्चार्जबाई आल्या. "जिन्यापर्यंत आवाज येत होता तुमचा. कशाला?"

डॉक्टर काही बोलतील म्हणून मी थांबले. ते फाइल लिहीत राहिले. मीही पहिल्यांदाच उत्तर दिलं नाही. मुलीच्या नाडीचे ठोके मोजत होते, आणि आकडा चुकवायचा नव्हता.